कझन्स, जेम्स

(२६ ऑगस्ट १८७२–२२ ऑक्टोबर १९३६). अमेरिकन उद्योगपती, डिट्रॉइट शहराचा महापौर व मिशिगन राज्याचा सिनेट-सदस्य. फोर्ड मोटर कंपनीच्या मूळ भागधारकांपैकी तो एक होता. ह्या कंपनीच्या उभारणीत यंत्राची बाजू हेन्री फोर्डने (१८६३–१९४७) सांभाळली. पैसा, हिशेब, विक्री व जाहिरात ह्यांचा भार मात्र पहिली बारा वर्षे मुख्यत्वे कझन्सवर होता. फोर्डचे नाव जगभर झाले, तेवढे कझन्सचे झाले नाही. तथापि हिशेबनिसाच्या ज्या काटेकोर वृत्तीने त्याने कारखान्यात पैसा मिळविला, त्याच वृत्तीने पुढे सार्वजनिक जीवनात त्याने धनिकांकडून सरकारी तिजोरीचा हिशेब मागितला आणि ह्या आग्रहाची किंमत स्वतः मोजली. त्यामुळे त्याचे चरित्र केवळ एका यशस्वी व्यावसायिकाचे राहत नाही.

त्याचा जन्म कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात चॅटम येथे झाला. वडील इंग्लंडहून आलेले व साबणाच्या धंद्यात होते. घरची परिस्थिती बेताची, वळण कडक. शालेय शिक्षणानंतर जेम्सने हिशेब-लेखनाचे शिक्षण घेतले आणि काही काळ आगगाडीत वृत्तपत्रे विकली. अमेरिकेच्या संविधानानुसार राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी जन्माने अमेरिकन असावे लागते. साहजिकच हे पद त्याला आयुष्यभर अप्राप्य राहिले. १८९० मध्ये तो नदीपलीकडील डिट्रॉइट शहरी आला व मिशिगन सेंट्रल रेल्वेत मालडब्यांची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाची नोकरी करू लागला. तेथील त्याचा करारी, काहीसा तुसडा स्वभाव मालकांच्या नजरेत भरला. कोळशाचा व्यापारी अलेक्झांडर मॅल्कमसन ह्याने त्याला आपल्या पेढीवर घेतले. १८९८ मध्ये मार्गारेट मॅनिंगशी त्याचा विवाह झाला.

मॅल्कमसनने १९०२ मध्ये फोर्डच्या मोटारगाडीच्या प्रयोगांत पैसा घातला आणि जमाखर्चावर देखरेख करण्यासाठी आपला हा कारकून तिकडे पाठविला. १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनीची नोंदणी झाली. भागधारक बारा होते. विकलेले भांडवल १,००,००० डॉलर असले, तरी त्यांपैकी रोख हाती आली ती रक्कम केवळ २८,००० डॉलर होती. कझन्सने २,५०० डॉलरचे २५ भाग घेतले. स्वतःची शिल्लक, मॅल्कमसनकडून मिळालेली रक्कम आणि शिक्षिका असलेल्या बहिणीने दिलेले १०० डॉलर अशी जेमतेम १,००० डॉलरची रोकड त्याने उभी केली व उरलेल्या रकमेची वचनचिठ्ठी लिहून दिली. बहिणीने आपल्या शिलकीपैकी अर्धीच रक्कम द्यावी, असा वडिलांचा सल्ला होता. तिच्या ह्या एका भागाचे सोळा वर्षांनी अडीच लाख डॉलरहून अधिक झाले.

कंपनीचा आरंभ मात्र असा भाग्यशाली नव्हता. जुलै १९०३ मध्ये बँकेतील शिल्लक २२३ डॉलर ६५ सेंटपर्यंत घसरली होती. शिकागो येथील एका दंतवैद्याने ८५० डॉलर देऊन पहिली गाडी घेतली आणि दुसऱ्या हप्त्याचे पगार निभावले. अशा वेळी प्रत्येक गाडीत सुधारणा करीत बसण्याची फोर्डची प्रवृत्ती कंपनीला परवडणारी नव्हती. गाड्या कारखान्यात तयार होताच त्या रेल्वेत चढवून रवाना कराव्यात व पैसा वसूल करावा, असा कझन्सचा हट्ट असे. प्रसंगी त्यासाठी तो स्वतः मालधक्क्यावर उभा राही. पहिल्या सु. पंधरा महिन्यांत १,७०० गाड्या विकल्या गेल्या.

पुढील काही वर्षांत त्याने देशभर विक्रेत्यांचे जाळे विणले. गाडी ताब्यात मिळताच विक्रेत्याने रोख रक्कम भरावी, सुटे भाग नेहमी जवळ बाळगावेत व दुरुस्तीची सोय ठेवावी, अशा त्याच्या अटी असत. विक्रेत्याचे दुकान स्वच्छ आहे किंवा नाही, हेही त्याचे निरीक्षक पाहत. रोखीच्या अटीमुळे एक महत्त्वाची गोष्ट साधली : कंपनीला कच्चा माल उधारीवर मिळे आणि तिचे देणे फिटण्यापूर्वीच गाडी विकली जाऊन पैसा हाती येई. परिणामी बँकांचे साहाय्य फारसे न घेता कंपनी वाढत गेली. फोर्डच्या सावकारविरोधी भूमिकेचे पुष्कळ कौतुक झाले आहे. ती भूमिका टिकविता आली ती ह्या जमाखर्चाच्या बळावर, ही गोष्ट चरित्रकारांनी दिली त्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

भारी किंमतीच्या गाड्या काढाव्यात, असे मॅल्कमसनचे मत होते. ह्या वादात कझन्सने जुन्या मालकाची बाजू सोडून फोर्डला साथ दिली. १९०५ मध्ये सुटे भाग तयार करणारी एक वेगळी कंपनी काढून मॅल्कमसनला नफ्यातून वगळण्याची तजवीज करण्यात आली व १९०६ मध्ये त्याने आपले भाग १,७५,००० डॉलरना फोर्डला विकले. धंद्यातील डावपेच म्हणून ही खेळी यशस्वी झाली, परंतु तिला फारशी उदार म्हणता येणार नाही. ह्यानंतर कझन्सचा हिस्सा वाढत सु. ११ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर १९०८ मध्ये ‘टी’ नमुन्याची सुप्रसिद्ध गाडी बाजारात आली आणि १९१४ मध्ये कंपनीचे वार्षिक उत्पादन अडीच लाखांवर गेले.

५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने कामगारांसाठी दररोज पाच डॉलर वेतनाची घोषणा केली. वृत्तपत्रांच्या बातमीदारांसमोर ती कझन्सने वाचून दाखविली. फोर्ड जवळच उभा होता. त्यापूर्वी किमान रोज २ डॉलर ३४ सेंट व कामाचे तास नऊ होते; ते आठ करण्यात आले. १९१३ मध्ये कारखान्यात कामगारांची गळती इतकी होती, की एक जागा भरलेली ठेवण्यासाठी वर्षात सरासरी तीन-चार माणसे घ्यावी लागत. म्हणून ह्या योजनेमागे दया होती, तसा हिशेबही होता. वाढीव रक्कम ‘नफ्यातील वाटा’ म्हणून दिली जाई आणि ती मिळण्यासाठी कामगाराचे घरगुती वर्तन कंपनीच्या निरीक्षकांना पसंत पडावे लागे. बावीस वर्षांखालील बहुतेक मुले व आरंभी स्त्रिया ह्यांना तिचा लाभ नव्हता. मूळ कल्पना कोणाची, ह्याबद्दल दोन्ही भागीदारांच्या पक्षपात्यांत वाद आहे. कझन्सने ती आपली असल्याचे पुढे सांगितले. निश्चित एवढेच म्हणता येते, की त्याच्या संमतीवाचून एवढी रक्कम तिजोरीतून बाहेर पडणे शक्य नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दोघांचे बिनसले. फोर्ड युद्धविरोधी होता व अमेरिकेच्या युद्धसज्जतेवर टीका करणारा मजकूर कंपनीच्याच नियतकालिकातून प्रसिद्ध करू इच्छित होता. कझन्सने हरकत घेतली आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये उपाध्यक्ष व सरव्यवस्थापक ह्या पदांचा राजीनामा दिला. १९१९ मध्ये फोर्डने सर्व भागधारकांचे भाग विकत घेतले, तेव्हा इतरांना प्रत्येक भागास १२,५०० डॉलर मिळाले. कझन्स मात्र अधिक रकमेसाठी अडून बसला व त्याला एकूण २,९३,०८,८५७ डॉलर प्राप्त झाले. ही रक्कम त्याने मुख्यतः सरकारी व नगरपालिकांच्या करमुक्त रोख्यांत गुंतविली. कोणत्याही उद्योगात हितसंबंध नसल्यामुळे आपले मत मोकळे राहते, अशी त्याची धारणा होती. ह्याच रोख्यांवरून पुढे त्याच्यावर शरसंधान झाले.

सार्वजनिक कार्यास त्याने कंपनीत असतानाच आरंभ केला होता. डिट्रॉइटची लोकसंख्या १९०० मध्ये २,८५,७०४ होती. ती १९२० मध्ये ९,९३,६७८ झाली. ह्या वाढीत सर्वांत मोठी तक्रार होती ती खासगी मालकीच्या ट्रामगाड्यांची. कझन्स १९१३ ते १९१५ ह्या काळात शहराच्या ट्राम-मंडळाचा सदस्य आणि १९१६ पासून पोलीस-आयुक्त होता. नव्या नगरसनदेखाली १९१८ अखेरीस तो महापौर म्हणून निवडून आला. ट्रामव्यवस्था शहराच्या मालकीची करणे, हे त्याने आपल्या कारकीर्दीचे मुख्य काम मानले. १९२० मध्ये मतदारांनी दीड कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांस संमती दिली आणि शहराने स्वतःचे रूळ टाकण्यास प्रारंभ केला. ह्या स्पर्धेला तोंड देणे खासगी कंपनीला जड गेले. शेवटी एप्रिल १९२२ मधील मतदानानुसार १,९८,५०,००० डॉलरना तिची शहरांतर्गत मालमत्ता खरेदी करण्यात आली व १५ मे १९२२ पासून डिट्रॉइटची संपूर्ण ट्रामव्यवस्था नगरपालिकेकडे आली. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या शहरात असे प्रथमच घडले. कोट्यधीश मनुष्य सार्वजनिक मालकीचा पुरस्कार करतो, ह्याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण ज्या सेवेला ग्राहक बांधलेला आहे, तेथे नफ्याला मर्यादा राहत नाही, असे त्याचे साधे गणित होते. १९२०-२१ च्या मंदीत बेकारांना शहराच्या कामांवर घेण्याचे धोरणही त्याने अवलंबिले.

सिनेटमधील त्याच्या प्रवेशाला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. १९१८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार ट्रुमन न्यूबेरी ह्याने हेन्री फोर्डचा थोड्या मतांनी पराभव केला होता. त्याने केलेल्या प्रचंड खर्चावरून खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले, तरी लोकमत शमले नाही व नोव्हेंबर १९२२ मध्ये त्याने राजीनामा दिला. रिक्त जागी मिशिगनचा राज्यपाल अलेक्झांडर ग्रोझबेक ह्याने २९ नोव्हेंबर रोजी कझन्सची नेमणूक केली. फोर्डला जी जागा मिळाली नाही, तीवर त्याचा जुना भागीदार बसला. कझन्स १९२४ व १९३० मध्ये ह्या जागेवर निवडून आला. तो रिपब्लिकन पक्षाचा असला, तरी पक्षशिस्त त्याने क्वचितच मानली. सिनेटमधील सर्वांत धनाढ्य सदस्य म्हणून त्याची ख्याती होती आणि प्रागतिक रिपब्लिकनांच्या लहानशा गटाबरोबर तो अनेकदा मतदान करी.

त्याचा सर्वांत गाजलेला संघर्ष कोषमंत्री अँड्र्यू मेलन ह्याच्याशी झाला. मेलन स्वतः तेल, ॲल्युमिनियम व बँका ह्या व्यवसायांतील अतिश्रीमंत मालक असून १९२१ पासून कोषमंत्री होता. मोठ्या उत्पन्नावरील अधिभार कमी केल्यास धनिक आपला पैसा करमुक्त रोख्यांतून काढून उद्योगात घालतील, असे त्याचे प्रतिपादन होते. कझन्सने त्याला विरोध केला, तेव्हा तुम्ही स्वतःच करमुक्त रोख्यांत पैसा ठेवून बसला आहात, अशा अर्थाचा टोला मेलनने लगावला. ह्यावर कझन्सने मंत्र्यानेही आपल्या गुंतवणुकी जाहीर कराव्यात, असे आव्हान दिले. मेलनचा टोला तर्काच्या दृष्टीने बिनतोड होता, हे मान्य केले पाहिजे. कारण कझन्स ज्या सवलतीचा लाभ घेत होता, तीच अधिभाराला निष्प्रभ करीत होती. तथापि त्यातून निघालेला पुढचा प्रश्न अधिक मोठा ठरला.

मार्च १९२४ मध्ये कझन्सच्या ठरावानुसार अंतर्गत महसूल विभागाच्या चौकशीसाठी सिनेटची खास समिती नेमण्यात आली. चौकशीसाठी फ्रान्सिस हेनी ह्या वकिलाला स्वतःच्या खर्चाने नेमण्याची तयारी कझन्सने दाखविली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कूलिज ह्याने सिनेटला निषेधाचा संदेश धाडला. एखाद्या खासगी व्यक्तीच्या पैशाने सरकारी विभागाची झडती घेणे योग्य नव्हे, हा त्यातील आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. अखेरीस समितीचे काम सरकारी खर्चाने चालू राहिले. खनिज साठ्यांच्या घटीबद्दल मिळणारी वजावट, युद्धकालीन कारखान्यांच्या खर्चाची सूट व मोठमोठे कर-परतावे ह्यांविषयीचे निर्णय विभाग प्रसिद्धच करीत नसे. त्यामुळे एकाच परिस्थितीतील दोन करदात्यांना वेगवेगळी वागणूक मिळाली तरी ते कळण्यास मार्ग नव्हता. अशा सवलतींचा लाभ मिळालेल्यांत मेलनशी संबंधित कंपन्याही होत्या. ह्या चौकशीचा टिकाऊ परिणाम म्हणजे १९२६ च्या महसूल अधिनियमाने निर्माण झालेली, दोन्ही सभागृहांची करविषयक संयुक्त समिती. पुढील काळातही अमेरिकन काँग्रेसच्या करविषयक कामात तिचे स्थान महत्त्वाचे राहिले आहे.

चौकशी चालू असतानाच, मार्च १९२५ मध्ये, विभागाने कझन्सकडे सु. एक कोटी डॉलरच्या जादा कराची मागणी केली. प्रश्न होता १९१९ मधील भागविक्रीचा. मार्च १९१३ पासून अमेरिकेत प्राप्तिकर लागू झाल्यामुळे त्या महिन्यातील भागाची किंमत व विक्रीची किंमत ह्यांतील फरकच करपात्र होता. ही आरंभीची किंमत विभागाने पूर्वी ९,४८९ डॉलर अशी मान्य केली होती आणि त्यानुसार कझन्सने सत्तर लाख डॉलरहून अधिक कर भरला होता. आता विभाग ती कितीतरी कमी धरू लागला. फोर्ड कंपनीच्या इतर जुन्या भागधारकांनाही ह्याची झळ बसली, पण मागणीची वेळ पाहता सूडाचा संशय येणे अपरिहार्य होते. कर-अपील मंडळापुढे दीर्घ सुनावणी होऊन मे १९२८ मध्ये निकाल लागला. मंडळाने १९१३ ची किंमत प्रत्येक भागास १०,००० डॉलर ठरविली. म्हणजे कझन्सकडे काहीच येणे नव्हते. उलट त्यानेच जास्त कर भरला होता आणि त्यापैकी नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम सरकारला परत करावी लागली.

१९२९ मध्ये त्याने एक कोटी डॉलर देऊन मिशिगन बालनिधीची स्थापना केली. व्याज व मुद्दल दोन्ही पंचवीस वर्षांत खर्च करून संस्था बंद करावी, अशी त्याची अट होती. मृत माणसाच्या इच्छेने पुढील पिढ्यांना बांधून ठेवणे त्याला पसंत नव्हते. जात, वर्ण किंवा धर्म न पाहता मुलांच्या आरोग्यासाठी हा निधी वापरण्यात आला. राज्याच्या विरळ वस्तीच्या उत्तर भागात बालचिकित्सालये, दंतचिकित्सा व ग्रामीण आरोग्यसेवा ह्यांवर त्यातून खर्च झाला. ठरल्याप्रमाणे १९५४ मध्ये निधीचे काम संपले. डिट्रॉइटच्या बाल-रुग्णालयासही त्याने पूर्वीच मोठी देणगी दिली होती.

सिनेटमध्ये १९२८-२९ च्या सुमारास शिक्षण व श्रमविषयक समितीचा अध्यक्ष ह्या नात्याने त्याने बेकारीची चौकशी केली. ह्या वेळी देशात तेजीचा कैफ होता. आंतरराज्य व्यापार समितीचा अध्यक्ष असताना तार, दूरध्वनी व रेडिओ ह्यांच्या नियमनासाठी एकच आयोग असावा, असे विधेयक त्याने मांडले. असा आयोग १९३४ मध्ये अस्तित्वात आला. महामंदीत डिट्रॉइटचे हाल विशेष झाले. शहरातील इतर धनिकांनी मिळून नव्वद लाख डॉलर दिल्यास बेकारांच्या साहाय्यासाठी आपण दहा लाख देऊ, असे त्याने १९३१ मध्ये जाहीर केले. हा प्रस्ताव फळास आला नाही.

फेब्रुवारी १९३३ मधील बँक-संकटात त्याच्या स्वभावाचे गुणदोष एकत्रच प्रकट झाले. डिट्रॉइटमधील युनियन गार्डियन ट्रस्ट कंपनी बुडण्याच्या बेतात होती. एका मोठ्या बँकसमूहाची ती घटक असून त्या समूहात फोर्ड कुटुंबाचा पैसा गुंतला होता. केंद्र सरकारच्या पुनर्रचना अर्थपुरवठा निगमाकडे कर्ज मागण्यात आले, परंतु तारण अपुरे होते. राष्ट्राध्यक्ष हूव्हरने कझन्सला बोलावून घेतले. पुरेशा तारणाशिवाय कर्ज देणे कायद्याविरुद्ध आहे आणि तसे झाल्यास आपण त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवू, असे त्याने बजाविले. फोर्डच्या ७५ लाख डॉलरच्या ठेवीचा हक्क मागे ठेवून तारणाची तूट भरून काढावी, अशीही एक योजना होती. श्रीमंत फोर्डची ठेव वाचविण्यासाठी करदात्यांचा पैसा का द्यावा, असा कझन्सचा सवाल होता. तर फोर्डने आपली ठेव अडकवून ठेवण्यास साफ नकार दिला. १४ फेब्रुवारीच्या पहाटे राज्यपाल विल्यम कॉमस्टॉक ह्याने मिशिगनमधील सु. साडेपाचशे बँका आठ दिवसांसाठी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. ही लाट इतर राज्यांत पसरली आणि ६ मार्च रोजी नवा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्याने देशातील सर्व बँकांना सुटी जाहीर केली.

हूव्हरने ह्याबद्दल कझन्सला दोष दिला व डिट्रॉइटमधील अनेकांनी तो खरा मानला. कायद्याचा अर्थ कझन्सने बरोबर लावला होता आणि बँकांची दुरवस्था त्याने निर्माण केलेली नव्हती. ती पूर्वीच्या सट्टेबाजीतून आली होती. परंतु घबराटीच्या वेळी बँकेचे तारण हा निव्वळ ताळेबंदाचा प्रश्न उरत नाही. ठेवीदाराचा विश्वास गेला, की चांगले तारणही कवडीमोल होते. ही गोष्ट हिशेबात पारंगत असलेल्या ह्या माणसाने पुरेशी लक्षात घेतली नाही, असे म्हणावे लागते. तीस वर्षांपूर्वी एका कोळशाच्या पेढीतून एकत्र आलेले दोन भागीदार आपापल्या हट्टापायी अडून बसले, आणि शहरातील लहान ठेवीदाराला पगाराचा धनादेशही वटविता येईना.

रूझवेल्टच्या ‘न्यू डील’ कार्यक्रमाला त्याने बहुतांशी पाठिंबा दिला. १९३३ च्या लंडन आर्थिक परिषदेत तो अमेरिकेच्या शिष्टमंडळात होता. बँक व रोखेबाजाराच्या सिनेट-चौकशीतही त्याने भाग घेतला. १९३६ मध्ये स्वतःची उमेदवारी रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांच्या हाती असतानाच त्याने ऑगस्टमध्ये रूझवेल्टला उघड पाठिंबा जाहीर केला. सप्टेंबरच्या प्राथमिक निवडणुकीत माजी राज्यपाल विल्बर ब्रकर ह्याने त्याचा पराभव केला. असा निकाल लागणार, हे त्यालाही ठाऊक होते. ऑक्टोबरच्या मध्यास रूझवेल्ट डिट्रॉइटला आला, तेव्हा आजारी कझन्स रुग्णालयातून उठून त्याच्या भेटीस गेला. त्यानंतर आठवड्याभरात, २२ ऑक्टोबर १९३६ रोजी, शस्त्रक्रियेनंतर डिट्रॉइट येथे त्याचे निधन झाले. सिनेटची त्याची मुदत अद्याप संपलेली नव्हती. त्याचा मुलगा फ्रँक कझन्स त्या वेळी डिट्रॉइटचा महापौर होता.